प्फेफरझोसे घरी करताना: मैदा, आटवण की पावाचा चुरा?

खलबत्ता

जर्मन मिरी-सॉसच्या, म्हणजे प्फेफरझोसेच्या, मराठीत फिरणाऱ्या बहुतेक पाककृती एकाच साच्यातल्या आहेत. लोण्यात कांदा परतायचा, त्यावर मिरपूड भुरभुरायची, वाटीभर क्रीम ओतायचं आणि उतरवायचं. त्यात चव लागते ती क्रीमची. मिरी नुसती घशाला झोंबते, तिचा वास कुठेच नसतो.

माझं मत ठाम आहे. घरी प्फेफरझोसे करायचा तर मैदा लोण्यात भाजून, त्यावर स्टॉक (हाडं किंवा भाज्या उकळून गाळलेलं पाणी) घालूनच करावा. जर्मन घरांत या भाजलेल्या मैद्याला मेलश्वित्झे म्हणतात आणि तिथल्या रोजच्या कितीतरी सॉसांचा तोच पाया असतो. स्टॉक तासभर आटवून दाट सॉस करणं हॉटेलच्या भटारखान्याला परवडतं, कारण तिथे हाडांचा बिनमिठाचा स्टॉक कायम तयार असतो. घरी स्टॉक बहुधा बाजारातली खारट वडी पाण्यात विरघळवून केलेला. तो आटवला की पाणी उडतं, मीठ जागच्या जागी राहतं. 600 मिलि स्टॉकचा 200 मिलि केलात तर खारटपणा तिप्पट होणारच.

चार माणसांचं प्रमाण: लोणी 40 ग्रॅम, मैदा 30 ग्रॅम, अगदी बारीक चिरलेला कांदा 60 ग्रॅम, काळी मिरी 6 ग्रॅम (म्हणजे दोन लहान चमचे अख्खे दाणे), थंड स्टॉक 450 मिलि, क्रीम 100 मिलि, ब्रँडी 30 मिलि, मोहरीची जर्मन पेस्ट एक लहान चमचा. मीठ सगळ्यात शेवटी, चव घेऊन.

मिरी खलबत्त्यात भरड कुटा, एका दाण्याचे चार-पाच तुकडे होतील इतकीच. मग चहाच्या गाळणीतून चाळा. खाली पडलेली पूड सॉसमध्ये घालायची नाही. तिनेच सॉस राखाडी दिसतो आणि जिभेला कचकचतो. ती पूड कोशिंबिरीवर वापरा.

कांदा मंद आचेवर 6-7 मिनिटं मऊ होऊ द्या, लाल नको. त्यात निम्मी भरड मिरी अर्धा मिनिट परता, ब्रँडी घालून जवळजवळ कोरडी होऊ द्या. आता मैदा. बेसनाच्या लाडवाला बेसन भाजताना जो खमंग वास सुटतो, त्याच्या थोडं अलीकडे थांबायचं. मंद आचेवर 4-5 मिनिटं पुरतात. जास्त लाल केलात तर चव वाढते, पण मैद्याची आळण्याची ताकद घटते आणि सॉस पातळ राहतो. स्टॉक थंडच घ्यायचा, तीन वेळा थोडा थोडा घालायचा आणि प्रत्येक वेळी गुठळी मोडेपर्यंत घोटायचं. मग मंद उकळीवर 15 मिनिटं. ही पंधरा मिनिटं वाचवली की कच्च्या मैद्याची चव राहते आणि लोक दोष मेलश्वित्झेला देतात. शेवटी मोहरी आणि क्रीम, आणखी 3 मिनिटं, गॅस बंद, उरलेली मिरी.

आटवणी

खलबत्ता, मिरी चाळण्याचा मुद्दा सोळा आणे खरा. मैद्याचं मात्र पटत नाही.

मैद्याचा सॉस जिभेवर एक थर चढवतो. मिरीचा तिखटपणा त्या थरातूनही पोचतो, पण वास दबतो. मिरीचं मोल तर त्या वासात आहे. नुसतं तिखट हवं असेल तर मिरची काय वाईट? शिवाय तुमचा सॉस ताटात पाच मिनिटं राहिला की त्यावर साय धरते. जर्मनीत ज्याला प्फेफररामझोसे म्हणतात, म्हणजे मांसाच्या तुकड्याबरोबर येणारा मलईदार मिरी-सॉस, तो चमकदार हवा. चमक येते आटवलेल्या स्टॉकमधल्या जिलेटिनने.

वडीच्या स्टॉकबद्दलची तक्रार बरोबर आहे. पण त्यावर उपाय मैदा कसा? वडी सोडा! अर्धा किलो कोंबडीचे पंख आणि पाय, दोन भागांत कापून चिरलेली बाजू तव्यावर जवळजवळ काळी केलेला एक कांदा, गाजर, सेलरी, लीकचा हिरवा भाग, तमालपत्र, दीड लिटर पाणी. मीठ अजिबात नाही. कुकरमध्ये एका शिट्टीनंतर मंद आचेवर 50 मिनिटं. गाळून फ्रिजमध्ये ठेवा. दुसऱ्या दिवशी तो थलथलीत गोठला तरच कामाचा. पाण्यासारखा राहिला असेल तर पाणी जास्त झालं किंवा पाय कमी पडले.

कृती अशी. मांस किंवा मश्रूम भाजलेल्या त्याच तव्यात, जादाची चरबी काढून, 20 ग्रॅम लोणी आणि 50 ग्रॅम बारीक कांदा. गॅस बंद करून 50 मिलि ब्रँडी, ती वाटीत मोजून घेतलेली. बाटली कधीही तव्यावर धरू नये, ज्वाळ बाटलीत शिरते. पेटवायची गरजही नाही. नुसती उकळून आटली तरी कच्चा दर्प जातो. तळाची खरपुडी लाकडी उलथन्याने खरवडून घ्या, अर्धी चव तिच्यात असते. मग 400 मिलि बिनमिठाचा स्टॉक मोठ्या आचेवर आटवून 150 करा, 200 मिलि क्रीम घाला आणि पळीच्या पाठीवर बोटाने ओढलेली रेघ टिकेपर्यंत आळू द्या. मिरी दोन प्रकारची: खाऱ्या पाण्यातली हिरवी दोन मोठे चमचे आणि भरड काळी एक लहान चमचा.

मिरवेल

हिरव्या मिरीचा विषय निघालाच आहे तर तो नीट व्हावा, कारण सॉस सगळ्यात जास्त तिथेच बिघडतो.

बाटलीतली हिरवी मिरी खूप खारट असते. गाळून, पाण्याखाली धुऊन, दहा मिनिटं साध्या पाण्यात ठेवा. नंतर निम्मे दाणे चमच्याच्या पाठीने चेचा, निम्मे अख्खे राहू द्या. सगळे अख्खे ठेवले तर सॉसला चव येत नाही, दाताखाली मात्र ठिणग्या उडतात. सगळे चेचले तर सॉस कडवटसर होतो. वाळवलेली हिरवी मिरी आणली असेल तर ती कोमट ब्रँडीत अर्धा तास भिजवा. थेट सॉसमध्ये टाकली तर शेवटपर्यंत खड्यासारखी राहते.

कोकण-गोव्यातल्या वाचकांना तर बाटलीची गरजच नाही. पोफळीवर चढलेल्या मिरवेलीचे हिरवे घोस थंडीच्या सुमाराला हाताशी असतात. दाणा हिरवा, भरलेला, पण नखाने दाबला तर दबणारा हवा. आतली बी कडक झाली असेल तर तो घोस काळ्या मिरीसाठी वाळवायला ठेवा. दाणे सोडवून उकळत्या पाण्यात दोन मिनिटं घाला, मग लगेच गार पाण्यात. ही पायरी टाळू नका. मिरी काळी पडते ती सालीतल्या विकरामुळे, आणि उकळत्या पाण्याने ते विकर निकामी होतं. 100 ग्रॅम दाण्यांना 250 मिलि पाणी, 25 ग्रॅम मीठ आणि 50 मिलि पांढरं व्हिनेगर उकळून, गार करून ओता. फ्रिजमध्ये ठेवा आणि तीन-चार आठवड्यांत संपवा.

आता दोघांनाही एक विनंती: मिरी केव्हा घालायची यावर नेमकं बोला. मिरीचा तिखटपणा तिच्यातल्या पायपरिन या द्रव्याचा. ते पाण्यात जेमतेम विरघळतं. चरबीत आणि अल्कोहोलमध्ये चांगलं. म्हणून थोडी मिरी लोण्यात आणि ब्रँडीत जायलाच हवी. वास मात्र उडून जाणाऱ्या तेलांचा आहे, वीस मिनिटं उकळलेल्या मिरीत तो उरत नाही. म्हणून थोडी शेवटी. खलबत्ता यांनी दोन हप्ते केलेत ते योग्य. आटवणी, तुम्ही काळी मिरी नेमकी कुठे घालता ते लिहिलंच नाहीत.

आटवणी

बरोबर, राहिलं. काळीतली निम्मी कांद्याबरोबर, आच कमी असताना. लोण्यातून धूर येत असेल तर मिरी अजिबात घालू नये. ती काही सेकंदांत जळते आणि तो कडूपणा क्रीमने जात नाही, साखरेनेही नाही. असं झालं तर तवा धुऊन पुन्हा सुरुवात करणं हाच मार्ग. उरलेली काळी आणि चेचलेली हिरवी क्रीम आळल्यावर. हिरवीचे अख्खे दाणे क्रीमबरोबरच गेले तरी चालतात.

ऱ्हाइनकाठ

मैदा की आटवण यात तुम्ही दोघंही आपापला सॉस जर्मन म्हणूनच मांडताय, म्हणून लिहितो. क्रीम आणि हिरव्या मिरीचा सॉस फ्रेंच वळणाचा आहे, आणि बाटलीतली हिरवी मिरी युरोपच्या स्वयंपाकघरांत रुळली तीच विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. जर्मनांची जुनी मिरी वेगळी. तिथे प्फेफर हा शब्द मसालेदार दाट रस्स्यालाही वापरत. हाझेनप्फेफर म्हणजे रानसशाचा तसला आंबट-मसालेदार रस्सा, जुन्या पद्धतीत रक्ताने दाट केलेला. 'सशाचं मांस मिरीत पडलंय ते इथे', अशी त्यांची म्हणच आहे. गोम नेमकी कुठे आहे हे सांगायला वापरतात.

मिरी तेव्हा किती मोलाची होती बघा. 1505 साली लिस्बनहून हिंदुस्थानकडे निघालेल्या पोर्तुगीज ताफ्यात जर्मनीतल्या ऑग्सबर्गच्या फुगर आणि वेल्सर या सावकार घराण्यांचा पैसा होता. त्याच ताफ्याने कारवारजवळच्या अंजदीव बेटावर किल्ला बांधला. पैसेवाल्या व्यापाऱ्याला जर्मनमध्ये आजही हेटाळणीने प्फेफरझाक, म्हणजे मिरीचं पोतं, म्हणतात.

त्या परंपरेतला आज जिवंत असलेला प्रकार म्हणजे पश्चिम जर्मनीतल्या वेस्टफालियाचा प्फेफरपोटहास्ट, मांस-कांद्याचा रस्सा. डॉर्टमुंडमध्ये शरद ऋतूत त्याच्या नावाचा उत्सव भरतो. त्यात ना मैदा, ना क्रीम. दाटपणा येतो कांद्याने आणि पावाच्या चुऱ्याने. एक किलो मांसाला 800 ग्रॅम कांदा; काही घरांत दोन्ही सम प्रमाणात. मांस चरबीवर हलकं परतायचं, कांदा घालायचा, एक लिटर स्टॉक, दोन तमालपत्रं, चार लवंगा, एक चमचा अख्खी मिरी. झाकण ठेवून मंद आचेवर पावणेदोन ते दोन तास. मग शिळ्या पावाचा 50 ग्रॅम वाळवलेला चुरा, एक मोठा चमचा केपर (खारवलेल्या आंबट कळ्या), अर्ध्या लिंबाचा रस, एक चमचा ताजी भरड मिरी आणि आणखी 10 मिनिटं. सोबत उकडलेले बटाटे, बीट आणि काकडीचं लोणचं.

नुसता सॉस हवा असेल तर मांस वगळून 300 ग्रॅम कांदा, 500 मिलि स्टॉक आणि 25 ग्रॅम चुरा. कांदा 40 मिनिटं शिजू द्या. चुरा एकदम जास्त घालू नका: तो दहा मिनिटं पाणी शोषत राहतो आणि पातळ वाटलेला सॉस ताटात जाईपर्यंत लापशी होतो. गोडसर पाव वापरला तर सगळं फसतं. राईचा किंवा साधा बिनगोडाचा पाव हवा.

खलबत्ता

ऱ्हाइनकाठ, पोटहास्टचं मान्य. इतिहासात तुमचा सॉस आधीचा आहे. पण तो मुळात रस्सा आहे. श्निट्झेलवर, म्हणजे पावाच्या चुऱ्यात घोळून तळलेल्या मांसाच्या कापावर, घातला तर कुरकुरीत आवरण दोन मिनिटांत भिजेल. म्हणून तो बटाट्याबरोबर शोभतो.

आटवणी, सायीवर उपाय सोपा आहे. गॅस बंद करून 15 ग्रॅम गार लोण्याचे तुकडे घोटून घाला, साय धरत नाही आणि चमकही येते. तुमच्या कृतीत 200 मिलि क्रीम 150 मिलि स्टॉकवर आहे. म्हणजे अर्ध्याहून जास्त सॉस क्रीमच. मग मैदा वास दाबतो आणि एवढी चरबी दाबत नाही, हे कसं मानायचं? माझ्या सॉसमध्ये क्रीम पाचव्या हिश्शाहून कमी आहे.

पळीवाढी

शाकाहारी घरांसाठी विचारते आणि सांगतेही. भाजीच्या स्टॉकमध्ये जिलेटिन नसतं, म्हणून आटवणी यांची पद्धत इथे चालत नाही. कितीही आटवा, चव गडद होते पण सॉस आळत नाही. इथे मैदाच हवा किंवा कॉर्नफ्लोर. कॉर्नफ्लोर 500 मिलिला 12 ग्रॅम, गार पाण्यात कालवून, शेवटी, आणि उकळी फुटल्यावर एकच मिनिट. जास्त उकळलं आणि घोटलं की पुन्हा पातळ होतं.

रंग आणि खोली मश्रूमने येते. 250 ग्रॅम बटण मश्रूम कोरड्या तव्यावर मोठ्या आचेवर, मीठ न घालता. मीठ घातलं की पाणी सुटतं आणि ती भाजली जाण्याऐवजी शिजतात. सोबत एक चमचा टोमॅटो पेस्ट तेलात विटकरी रंगाची होईतो परतलेली. मग खलबत्ता यांची कृती जशीच्या तशी. फ्लॉवरच्या जाड भाजलेल्या कापांवर किंवा श्पेट्झलेवर (जर्मन अंड्याच्या शेवया) छान लागतो. ब्रँडी नको असेल तर पाणी आणि थोडा सफरचंदाचा रस घालून खरपुडी सोडवा, शेवटी अर्धा चमचा व्हिनेगर.

एक अडचण: आपल्याकडचं डब्यातलं क्रीम सॉसमध्ये फाटतं. का?

आटवणी

जर्मन श्लागझानेत, म्हणजे फेटायच्या क्रीममध्ये, किमान 30 टक्के स्निग्धांश असतो, आपल्याकडच्या डब्यातल्या क्रीममध्ये साधारण 25. स्निग्धांश कमी म्हणजे प्रथिनं आणि पाणी जास्त, आणि आंबट व उष्णता एकत्र आली की फाटतात ती प्रथिनंच. म्हणून वाईन किंवा व्हिनेगर आधी पूर्ण आटवा, लिंबू गॅस बंद केल्यावर. क्रीम फ्रिजमधून थेट उकळत्या तव्यात नको. दोन पळ्या गरम सॉस क्रीममध्ये कालवून मग ते ओता. केकवर लावायचं वनस्पती तेलाचं क्रीम घेऊ नका, ते बहुधा गोड असतं. दही किंवा चक्का घालायचाच असेल तर आधी त्यात एक चमचा कॉर्नफ्लोर कालवा आणि नंतर उकळी येऊ देऊ नका.

फाटलंच तर मिरी गाळून बाजूला काढा, 30 मिलि गार क्रीममध्ये अर्धा चमचा कॉर्नफ्लोर कालवून घाला, हँड ब्लेंडरने फिरवा, मिरी परत टाका. मिरीसकट ब्लेंडर फिरवला तर पूड होते आणि खलबत्ता यांनी सांगितलेला राखाडी रंग येतो.

आणि हो खलबत्ता, क्रीमच्या प्रमाणाचा मुद्दा खरा आहे. 200 च्या जागी 120 मिलि आणि स्टॉक 400 ऐवजी 600, तो आटवून 220. सॉस तेवढाच दाट होतो, फक्त स्टॉक घट्ट गोठणारा हवा. मैदा तरीही घालणार नाही.

मिरवेल

उरलेल्या सॉसबद्दल कुणीच लिहिलं नाही. रात्रभर ठेवला तर हिरवी मिरी मुरत राहते आणि सकाळी सॉस जास्त तिखट लागतो, वास मात्र कमी झालेला असतो. तेव्हा आधी अख्खे दाणे गाळून काढा आणि मगच फ्रिजमध्ये ठेवा. गरम करताना दोन-तीन चमचे स्टॉक किंवा दूध, मंद आच, आणि ताज्या कुटलेल्या मिरीची एक चिमूट.