मदत हवी आहे : लोन नाही, कार्ड नाही, तरी सिबिल ६६१

घरघर_लागली
मंडळी जरा लवकर सांगा, वेळ नाहीये. चिंचवडला फ्लॅट बघितला, बिल्डरला ५१ हजार टोकन देऊन बसलोय आणि आता बँकवाला म्हणतो सिबिल (कर्जफेडीच्या नोंदींवरचा स्कोअर) ६६१ आहे, फाइल पुढे जाणार नाही. आत्ता एकही लोन नाही, कार्ड नाही, पगार दर १ तारखेला जमा. मग कमी कसा? १५ दिवसांत वाढवायचाय.

कोपऱ्यातला
रिपोर्ट बघितलात का? नुसत्या आकड्यावरून काय कळणार.

घरघर_लागली
अ‍ॅपवर आकडा दिसतो तेवढाच. रिपोर्ट काढला की अजून कमी होतो म्हणे.

पासबुक_मावशी
काही कमी होत नाही स्वतः बघितल्याने. बँका चौकशी करतात त्याची नोंद पडते, चार ठिकाणी अर्ज टाकले असतील तर ते मात्र दिसतं. सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स, क्रिफ हाय मार्क हे कर्जांच्या नोंदी ठेवणारे ब्युरो, चौघांकडूनही वर्षाला एक पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. काढा आणि प्रत्येक खात्याचं स्टेटस वाचा. कोणाला जामीन राहिलायत का? तेही येतं त्यात.

बांधावरून
माझा पण सेम प्रॉब्लेम, सोसायटीचं कर्ज फेडून दोन वर्षं झाली तरी सातबाऱ्यावर इतर अधिकारात बोजा तसाच. तलाठी म्हणतो बँकेचं पत्र आणा.

एफडीवाला
२० हजाराची एफडी करा, त्यावर कार्ड घ्या, थोडंच वापरा, बिल पूर्ण भरा. माझा वर्षभरात ६४० चा ७४० झाला.

कोपऱ्यातला
त्यांच्याकडे १५ दिवस आहेत, तुम्ही वर्ष सांगताय.

एफडीवाला
मग १५ दिवसांत जादू होते का? मी अनुभव सांगितला.

सेटिंग_किंग
ओळखीत एकजण आहे, ८ हजारात सिबिल क्लीन करून देतो.

पासबुक_मावशी
त्याला एक रुपया देऊ नका. बँकेने दुरुस्ती कळवल्याशिवाय ब्युरो काही बदलत नाही, हा कोण क्लीन करणारा?

घरघर_लागली
काढला रिपोर्ट. एक जुनं कार्ड आहे, पुढे 'सेटल्ड' लिहिलंय, खाली राइट ऑफ २७,४००. पण ते मी २०२१ मध्येच भरलंय, पत्र आहे माझ्याकडे! नोंद चुकीची आहे म्हणून डिस्प्यूट टाकतो.

कोपऱ्यातला
थांबा. बाकी किती होती आणि भरले किती?

घरघर_लागली
बाकी ४८,४००. लॉकडाऊनमध्ये पगार अर्धा झाला होता, रिकव्हरीवाला म्हणाला २१ हजारात मिटवा, मिटवलं. आधी नाही लिहिलं कारण विषय संपलेलाच होता ना.

पासबुक_मावशी
घ्या! मिटवणं वेगळं, फेडणं वेगळं. २७,४०० बँकेने सोडून दिले, तेच दिसतंय. नोंद खरी आहे, डिस्प्यूट टाकलात तर बँक 'बरोबर आहे' एवढंच कळवेल. उलट बँकेला मेल करा की उरलेले भरतो, त्यानंतर खातं क्लोज्ड म्हणून कळवणार का ते आधी लेखी द्या. मग भरा, तेही बँकेतच, रिकव्हरीवाल्याच्या यूपीआयवर नाही. काही बाकी नाही असं नो ड्यूज पत्र घ्या.

सेटिंग_किंग
२७ हजार कशाला घालवता, सात वर्षांनी आपोआप जातं.

कोपऱ्यातला
नोंद किमान सात वर्षं ठेवायची असा नियम आहे. सातव्या वर्षी पुसायचीच असा नाही.

एफडीवाला
३० दिवसांत अपडेट नाही केलं तर दिवसाला १०० रुपये मिळतात ना?

पासबुक_मावशी
तक्रार केल्यावर ३० दिवस, भरल्याच्या तारखेपासून नाही. भरूनही बदललं नाही तर तक्रार टाका, तरी हलले नाहीत तर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल.

घरघर_लागली
वरचं व्याज पण मागतील का? आणि १५ दिवसांत होईल?

कोपऱ्यातला
मागू शकतात, घासाघीस करा, पण पुन्हा 'सेटलमेंट' लिहिलेल्या कागदावर सही करू नका. १५ दिवस विसरा, बिल्डरकडून मुदत मागा. टोकनच्या पावतीवर काय अट लिहिलीय?

घरघर_लागली
पावती नाही घेतली. व्हॉट्सअ‍ॅपवर अंगठा दाखवलाय त्याने.

बांधावरून
माझ्या बोज्याचं कोणी सांगेल का?