मदत हवी आहे : 'बरं नाही' म्हटलं तरी लोक हसतात

नमस्कार. नेहमीच्या आयडीने लिहिलं तर दोघं-तिघं ओळखतील, म्हणून हा नवा घेतलाय.

मी स्टँडअप करतो. दुसरी नोकरी नाही, पोट यावरच. वर्षातले निम्म्याहून जास्त दिवस दौऱ्यावर असतो. तासाभराचा शो आणि त्यासाठी दहा-बारा तास प्रवास. शो संपला की रात्री अकराला खोलीचं दार लावायचं आणि भिंतीकडे बघत बसायचं. तासापूर्वी तीनशे माणसं हसत होती, आता एसीचा आवाज. याची सवय होते म्हणतात, मला झाली नाही.

तीन वर्षांपूर्वी मला डिप्रेशन आलं होतं. औषधं घेतली, बरा झालो आणि त्यावर सात मिनिटांचा बिट, म्हणजे शोमधला एक विनोदी तुकडा, लिहिला. डॉक्टर विचारतात, "आधी कशात आनंद वाटायचा?" मी म्हणतो, "लोकांना हसवण्यात." ते म्हणतात, "बघू, हसवा." मी माझा सगळ्यात भारी जोक टाकतो. ते शांतपणे लिहून घेतात आणि म्हणतात, "कारण सापडलं." हा बिट कधीच पडला नाही, म्हणून तो आता माझा क्लोजर आहे, शो त्यावरच संपवतो.

गेल्या दीड महिन्यापासून तेच सगळं परत सुरू झालंय. पहाटे चारपर्यंत झोप नाही, फोन घ्यावासा वाटत नाही, नवीन एक ओळ लिहिलेली नाही. मागच्या आठवड्यात बिटमधलं "मी पाच दिवस अंघोळ केली नव्हती" हे वाक्य बोललो आणि लक्षात आलं की आत्ताही पाच दिवस झालेत. तोंडातून पुढचा शब्द येईना. चार-पाच सेकंद नुसता उभा राहिलो. हॉल फुटला! नंतर एक पोरगा येऊन म्हणाला, "दादा, काय पॉज घेतलात!"

खरी लाज पुढे आहे. खोलीवर येऊन मी वही उघडली आणि त्या ओळीपुढे लिहिलं, 'इथे थांबणे'.

परवा जवळच्या मित्राला फोन करून म्हटलं, मला बरं वाटत नाहीये. तो हसला आणि म्हणाला, "हं, पुढे?"

अजून अकरा शो बाकी आहेत, पाच आठवड्यांत. आगाऊ पैसे घेऊन बसलोय. रद्द करू का? रोज वेगळ्या गावात असताना डॉक्टर कसा गाठायचा? आणि तो बिट काढला तर शेवट काय करू? जाता जाता, आवाजही बसलाय.

— नवा_आयडी

रात्रपाळी : झोपेपुरतं सांगते, मी वर्षानुवर्षं रात्रपाळी करते. शो म्हणजे तुमच्या शरीराच्या दृष्टीने लढाईच. संपल्यावर ते तासाभरात थंड होत नाही, त्यामुळे बाराला झोपायचा हट्ट सोडा. तीन ते अकरा अशी वेळ ठरवा आणि गाव बदललं तरी ती बदलू नका. उठल्याबरोबर उन्हात जा, झोपताना खोली काळोखी करा. शोआधी आठला कॉफी घेत असाल तर तिच्यातलं निम्मं कॅफिन रात्री एकलाही अंगात असतं. दारूने डोळा लागतो, पण उत्तररात्रीची झोप मोडते. पहाटेच्या गाड्या पकडणं बंद करता आलं तर बघा, अर्धं दुखणं तिथेच असतं.

चष्मेबद्दूर : विनोदी लोक असेच असतात. २०१४ मध्ये ब्रिटनमधल्या संशोधकांनी ५२३ कॉमेडियन तपासले होते, सगळ्यांत वेडाची लक्षणं निघाली.

अर्धविराम : चष्मेबद्दूर, अहो, तपासले नव्हते. ऑनलाइन प्रश्नावली होती, स्वतःच भरलेली. त्यात स्वभावाचे कल मोजले होते, आजार नव्हे. सरासरी जास्त आली एवढंच. 'सगळ्यांत' कुठून आणलंत? धागाकर्त्याला उपयोग होईल असं काही असेल तर लिहा.

साधा_श्रोता : मी मानसोपचार विभागात काम करतो. आधी एक सरळ प्रश्न, कारण तो विचारल्याने कुणाच्या डोक्यात नवीन काही शिरत नाही : जीव द्यावासा वाटतो का?

बाकीचं असं. एकदा डिप्रेशन येऊन गेलेल्यांना ते पुन्हा येणं नवलाचं नाही, त्यात तुमची चूक नाही. नवा डॉक्टर शोधू नका, जुन्यांनाच फोन करा. तुमची फाइल त्यांच्याकडे आहे आणि पाठपुरावा बहुतेक वेळा व्हिडिओवर होऊ शकतो. घरात मागच्या गोळ्या उरल्या असतील तर आपल्या मनाने सुरू करू नका. त्यांनी औषध दिलं तर परिणाम दिसायला काही आठवडे लागतात, चार दिवसांत 'काही फरक नाही' म्हणून सोडू नका. शो रद्द करायचे की नाही हेही त्यांनाच विचारा. आयोजकाला 'तब्येतीमुळे' एवढंच पुरतं, तपशील देणं लागत नाही.

नवा_आयडी : ठरवून काही करावं असं नाही. पण 'उद्या जाग आली नाही तरी चालेल' असं येतं मनात. दोनदा आलं.

साधा_श्रोता : हे वाक्य जसंच्या तसं डॉक्टरांना सांगा, जोक न करता. उद्या नाही, आज. जवळच्या एका माणसालाही सांगून ठेवा. विचार वाढला किंवा कसं करायचं इथवर गेला, तर असाल त्या गावातल्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत जायचं, शो असो वा नसो.

दुसरा_माइक : मीपण याच धंद्यातला. बिट काढ. मी वडिलांच्या आजारपणावर दोन वर्षं करत होतो. जोकला सेटअप (आधीची मांडणी) आणि पंच (हशाची ओळ) एवढंच लागतं, म्हणून गोष्ट आपण पंचपाशी तोडतो. पुढे काय झालं ते कुणी ऐकत नाही, आणि रोज तिथेच तोडून तोडून शेवटी आपल्यालाही तेवढीच आठवते. ऑस्ट्रेलियाच्या कॉमेडियन हॅना गॅड्सबी यांनी २०१८ च्या स्पेशलमध्ये (चित्रित केलेल्या शोमध्ये) हे फार नेमकं मांडलंय, पण आत्ता बघू नकोस, बरा झाल्यावर बघ. शेवटाला जुनं क्राउड वर्क टाक, प्रेक्षकांशीच गप्पा मार. थोडं पडेल. पडू दे. सात मिनिटं कमी झाली म्हणून कुणी तिकिटाचे पैसे परत मागत नाही. आणि ते 'इथे थांबणे' मीही लिहिलं असतं, त्याची लाज धरू नकोस. हात आपोआप लिहितो.

खर्ज : आवाजाचं. स्टेजपेक्षा शोनंतरच्या गोंगाटातल्या गप्पांनी जास्त बसतो. गोंगाटात माणूस नकळत आवाज चढवतो, फ्रेंच डॉक्टर लोंबार यांनी १९११ मध्येच नोंदवलंय. फोटो काढा, निघा. सारखं खाकरू नका. कुजबुजणं म्हणजे विश्रांती नव्हे, गप्प बसा. चार आठवड्यांत सुटला नाही तर घसा कॅमेऱ्याने तपासून घ्या.

नवा_आयडी : सगळ्यांचे आभार. डॉक्टरांशी पाच मिनिटं बोललो, ते वाक्य सांगितलं. ते हसले नाहीत, आणि मला फार बरं वाटलं. गुरुवारी दुपारी चारला व्हिडिओवर वेळ दिलीय, तोवर रोज संध्याकाळी एक मेसेज करायचा. पुढचे दोन शो पुढे ढकलले, आयोजक कुरकुरला पण मानला. मित्राला फोन न करता लिहून पाठवलं, 'हा बिट नाही'. तो उद्या इकडे येतोय.

एक अडचण राहिली. गुरुवारी चारला मी गाडीत असेन, शेजारी माझा ओपनर, म्हणजे माझ्याआधी स्टेजवर जाणारा पोरगा. त्याच्यासमोर कसं बोलू?

दुसरा_माइक : त्याला म्हण, हेडफोन लाव आणि झोप. ओपनर आहे, ऐकेल.

रात्रपाळी : नाहीतर गाडी थांबवा हो अर्धा तास. पोचायला उशीर झाला तर झाला.