डॅशवरचा आकडा पुरे म्हणणाऱ्यांसाठी

घाटवाट (कोलोरॅडो)

परवा इथे 'रिकामी ट्रॉली' यांनी लिहिलं होतं: "पाऊणटनी पेट्रोल पिकअप ट्रक घ्यायचा आणि दर टाकीला वही काढून अ‍ॅव्हरेज मांडत बसायचं, हा निव्वळ रिकामटेकडेपणा. माझा डॅशबोर्ड गॅलनला १५.२ मैल दाखवतो, मला तेवढं पुरे. ज्याला अ‍ॅव्हरेजची चिंता त्याने टोयोटाची कॅमरी घ्यावी." त्याखाली पन्नासेक लोकांनी माना डोलावल्या. दोन दिवस गप्प बसलो, पण राहवत नाही.

कॅमरी घेताना काचेवर कागद असतो. शहरात इतकं, हायवेला इतकं, शंभर मैलांना इतके गॅलन. आपल्या ट्रकच्या काचेवर तो आकडाच नसतो. गाडीचं मान्य एकूण वजन ८,५०० पौंडांच्या वर गेलं की अशा पिकअपला ईपीएचं (अमेरिकी पर्यावरण खात्याचं) अ‍ॅव्हरेजचं लेबल लावायची सक्ती नाही. फोर्डचा ७.३ लिटर इंजिनवाला घ्या, जीएमचा ६.६ घ्या, नाहीतर रॅमचा ६.४ हेमी. सरकारी आकडा कुणालाच नाही. म्हणजे ज्या गाड्या सगळ्यात जास्त गॅस (म्हणजे पेट्रोल) पितात त्यांच्याच मालकाला काही सांगितलं जात नाही. अशा वेळी वही ठेवणारा रिकामटेकडा कसा ठरतो?

माझी वही चार वर्षांची आहे. रिकामा ट्रक, हायवे, वेग ताशी ६५ मैलांवर बांधलेला: १४.८. गावात: ११. मागे सात हजार पौंडांचा कॅम्पर (ओढायचं चाकांवरचं घर): ८.६. हेच शंभर मैलांच्या हिशेबात मांडलं तर ६.८, ९.१ आणि ११.६ गॅलन. शंभर मैलांचा हिशेब मुद्दाम करतो, कारण एमपीजी (गॅलनला किती मैल) डोळ्यांना फसवतं. २५ चं ३० झालं तर शंभर मैलांत पाऊण गॅलनसुद्धा वाचत नाही. आमच्या ट्रकचं १० चं १२ झालं तर पावणेदोन गॅलनच्या आसपास वाचतो. "एवढ्या अवजड ट्रकला दोन एमपीजीनं काय फरक पडतो" म्हणणाऱ्यांनी हे एकदा कागदावर मांडून बघावं. फरक आपल्यालाच सगळ्यात जास्त पडतो.

आता डॅशचं सांगतो. दोन वर्षांपूर्वी लॅरमीहून आय-८० ने पश्चिमेला निघालो. मागे कॅम्पर, गाडीत मुलं. डॅश म्हणे अजून १८० मैल जाल. रॉलिन्स शंभर मैलांवर, म्हणून गॅस न भरता निघालो. वायोमिंगचा तो पट्टा ज्यांनी बघितलाय त्यांना वारा म्हणजे काय ते सांगायला नको. वारा थेट तोंडावर. प्रत्येक मैलाला डॅश दोन मैल कमी करत होता, कारण त्याचा आधीचा हिशेब माझ्या रिकाम्या ट्रकच्या फेऱ्यांवर बसलेला. रॉलिन्सच्या पंपावर पोचलो तेव्हा आकडा शून्य होऊन बराच वेळ झाला होता. बायको शेवटचे वीस मैल एक शब्द बोलली नाही. त्या दिवसापासून कॅम्पर लावला की डॅशकडे बघत नाही. वहीतलं ८.६ धरतो, वारा असेल तर ७.५, आणि अर्ध्या टाकीला भरतो.

आणि मागच्या हिवाळ्यात १४.८ चं १३.१ झालं. थंडीत अ‍ॅव्हरेज पडतंच म्हणून सोडून दिलं. मार्च गेला, एप्रिल आला, आकडा वर येईना. एका संध्याकाळी उतरून चारही चाकांना हात लावून बघितला, तर मागचं उजवं चाक तापलेलं. ब्रेकच्या कॅलिपरची पिन अडकून पॅड सतत घासत होता. वही नसती तर डिस्क जाईपर्यंत कळलं नसतं. मी कशासाठी लिहितो ते यात आलं.

डिझेलदादा (टेक्सास)

एवढी वही लिहिण्यापेक्षा डिझेल घेतलं असतंत तर? माझा एकटनी तोच कॅम्पर ओढून ११-१२ देतो. पेट्रोलवाल्यांनी अ‍ॅव्हरेजवर बोलूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

घाटवाट

दादा, डिझेलच्या गॅलनमध्ये मुळात बारा-तेरा टक्के ऊर्जा जास्त असते, ती तुमच्या इंजिनाची कर्तबगारी नव्हे. शिवाय इंजिनाचे जास्तीचे हजारो डॉलर, डीईएफ (धूर साफ करणारं द्रव), फिल्टर, हेही शंभर मैलांच्या हिशेबात घाला. मी वर्षातून सहा-सात वेळा कॅम्पर लावतो. बाकीचे दिवस चार मैल शाळा, सहा मैल लाकडाचं दुकान. असल्या फेऱ्यांत डिझेलचा काजळीचा फिल्टर धड जळून साफ होत नाही. तुम्ही रोज ओढत असाल तर तुमचं बरोबर, त्याबद्दल वाद नाही.

रिकामी ट्रॉली (नेब्रास्का)

माझं नाव घेतलंय म्हणून उत्तर देतो. वायोमिंगचा किस्सा वाईट वाटला, पण तो डॅशचा दोष नाही. ट्रेलर लावल्यावर शंभर मैलांच्या वाटेवर न भरता निघणं हा तुमचा निर्णय होता.

वही म्हणजे काळ्या दगडावरची रेघ असल्यासारखं बोलताय. टाकी भरली की पंपाची नळी आपोआप बंद होते, पण नेमकी कुठे? एकदा अर्धा गॅलन आधी, एकदा नंतर. तीस गॅलनच्या भरण्यात तेवढ्यानेच दीड-पावणेदोन टक्के इकडचे तिकडे. पंपालाही कायद्याने पाच गॅलनमागे सहा घनइंचांची सूट असते, म्हणजे अर्धा टक्का. तुम्ही दशांशापर्यंत आकडे लिहिता ते कशाच्या जोरावर?

घाटवाट

एका टाकीचा आकडा मीही मानत नाही. या वेळी अर्धा गॅलन कमी बसला तर पुढच्या वेळी तो जास्त बसतो. दहा टाक्यांचे मैल एकत्र, दहा टाक्यांचे गॅलन एकत्र, मग भागाकार. नळीची चूक फक्त पहिल्या आणि शेवटच्या भरण्यात उरते. हे आपल्याकडे लूनावाल्यालाही माहीत होतं: टाकी फुल, किलोमीटर लिहा, पुन्हा फुल.

थंडोबा (कॅल्गरी)

आमच्याकडे सरळ लिटर प्रति १०० किमी. तुमचं १४.८ म्हणजे आमचं १५.९. पंपही इंधन १५ अंश तापमानाला आहे असं धरून माप देतो, म्हणून उन्हाळ्या-हिवाळ्याच्या नोंदी एकमेकींशी ताडता येतात. उणे २५ ला दहा मिनिटं इंजिन नुसतं चालू ठेवलं की तेवढा वेळ अ‍ॅव्हरेज शून्य. हे मात्र कुठल्याच देशात चुकत नाही.

ऊसकरी (आयोवा)

सगळे पंप आणि नळी करताय, टाकीत काय ओतता ते कुणी विचारत नाही! ई-१० मध्ये (दहा टक्के इथेनॉल मिसळलेलं) शुद्ध पेट्रोलपेक्षा तीनेक टक्के ऊर्जा कमी. ई-८५ भरलं तर चौथा हिस्सा जातो. मी आयोवात राहतो, मक्याच्या इथेनॉलचं हे सगळ्यात मोठं राज्य. पंपावर ई-१५ स्वस्त म्हणून लोक भरतात आणि अ‍ॅव्हरेज पडलं की इंजिनाला शिव्या देतात. २००५ आणि २००७ च्या कायद्यांनी हे आपल्या टाकीत आणलं. ट्रकवाल्याला विचारलं का कुणी?

आणि गावाकडे तर विचारूच नका. सांगलीत वडिलांची २०१२ ची मोटरसायकल आहे. पंपावर ई-२० सोडून काही मिळत नाही. फोन केला की पहिलं वाक्य तेच: "अ‍ॅव्हरेज पडलं रे." नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच लिहिलंय, जुन्या दुचाकीला ३ ते ४ टक्के, जुन्या चारचाकीला ६ ते ७ टक्के फटका. मग भाव तेवढा कमी का केला नाही?

शिरोळची लेक (न्यू जर्सी)

नाव ऊसकरी आणि बोलणं असं? सांगलीचे आहात ना? तुमच्या शाळेची फी कशातून गेली?

आमचा साडेतीन एकर ऊस. १९६६ च्या आदेशाप्रमाणे ऊस गेल्यावर चौदा दिवसांत बिल मिळायला हवं. मी लहान असताना ते चौदा दिवस कधी चौदाच राहिले नाहीत. दिवाळीचे कपडे पाडव्यानंतर यायचे. साखर गोदामात पडून राहिली की कारखान्याकडे पैसा नाही. इथेनॉलचे पैसे तेल कंपन्यांकडून लवकर येतात, म्हणून अलीकडे बिलं वेळेवर यायला लागली. तुमच्या वडिलांचं तीन-चार टक्के अ‍ॅव्हरेज पडलं, माझ्या वडिलांचं सोसायटीचं कर्ज वेळेत फिटलं.

ऊसकरी

ताई, माझी फी कशातून गेली ते मला सांगू नका, मी फडात मोळ्या बांधल्यात. वेळेवर बिलं म्हणता? २०२३ च्या डिसेंबरात उसाच्या रसापासून इथेनॉल करायला एका रात्रीत बंदी घातली, तेव्हा ज्या कारखान्यांनी कर्ज काढून डिस्टिलरी उभारल्या त्यांचं काय झालं? त्या कर्जाचा भार शेवटी कुणाच्या बिलावर?

शिरोळची लेक

ती बंदी चूक होती. तेवढं मान्य. पण बंदी घालणं चूक होतं म्हणजे इथेनॉल चांगलं होतं, हे तुम्हीच सिद्ध केलंत.

ऊसकरी

मी असं काहीही सिद्ध केलेलं नाही! शेतकऱ्याला पैसे द्या, जरूर द्या, पण गिऱ्हाईकाला लिटरमागे कमी मिळतंय ते पंपावर लिहा. एवढंच म्हणणं आहे. शेतकऱ्याच्या आडून कुणी लपू नये.

डिझेलदादा

म्हणून डिझेल.

शिरोळची लेक

दादा, तुमचं एक वाक्य किती वेळा? आणि पाण्याचं कुणी बोलत नाही म्हणून मीच बोलते. मराठवाड्यात टँकर लागतात आणि तिथेही ऊस उभा असतो, ते मलाही पटत नाही. पण आमच्याकडे कृष्णा-पंचगंगेचं पाणी आहे. आमच्यावर तो आरोप लावू नका.

घाटवाट

मंडळी, दोघांच्याही घरचं आहे म्हणून मध्ये पडत नव्हतो. ऊसकरी यांच्या मुद्द्यातला ट्रकपुरता भाग घेतो. मी शुद्ध पेट्रोल तीन टाक्या वापरून बघितलं. फरक आला, पण वाऱ्यामुळे टाकीटाकीत जेवढा फरक येतो त्यापेक्षा तो लहान होता. तीन टाक्यांत तीन टक्के पकडता येत नाहीत. आणि गॅलनमागे जो जास्तीचा भाव दिला तो त्यातून वसूल झाला नाही, एवढं नक्की. पंपावर ऊर्जेचा आकडा लिहा, या मागणीला माझा पूर्ण पाठिंबा.

ट्रॉलीसाहेब, तुम्हाला एक विचारायचं राहिलं. टायर कुठले?

रिकामी ट्रॉली

३५ इंची. कंपनीचे ३३ होते. का?

घाटवाट

मीटर नव्या टायरला जुळवून घेतलात?

रिकामी ट्रॉली

नाही.

थंडोबा

अहो, मग तुमचं सगळंच मुसळ केरात. चाक मोठं झालं की फेरे कमी होतात. जवळजवळ सहा टक्के मैल मीटरवर येतच नाहीत.

रिकामी ट्रॉली

ठीक आहे. शनिवारी आय-८० वर जाऊन मैलाचे खांब मोजले. शंभर खांबांना मीटर ९४.६. म्हणजे १.०५७ चा गुणक. त्याच फेरीत घाटवाट यांच्या पद्धतीने टाकी फुल ते फुल केली. डॅश १५.२. हाताने भागाकार १३.७. गुणक लावून १४.५.

आता नीट बघा. खरा आकडा १४.५ धरला तर डॅश ०.७ ने चुकला आणि तुमचा वहीचा भागाकार ०.८ ने. डॅश जास्त जवळ निघाला. मी तेच म्हणत होतो.

घाटवाट

आकडे दिलेत त्याबद्दल आभार, आणि हे मनापासून. पण डॅश जवळ निघाला तो दोन चुका उलट दिशेच्या होत्या म्हणून. गॅस तो दहा टक्के कमी मोजतोय आणि मैल साडेपाच टक्के कमी मोजतोय. उद्या मीटर जुळवून घेतलात तर हाच डॅश १६ दाखवेल आणि खरं अ‍ॅव्हरेज साडेचौदाच असेल.

माझीही चूक सांगतो. चार वर्षांत मी खांब एकदाही मोजले नव्हते. तुमचं वाचून काल मोजले. पन्नास खांबांना माझा मीटर ५०.४. म्हणजे माझं १४.८ खरं तर १४.७. एवढा सगळा वाद घालून हे मला आधी सुचलं नाही याची लाज वाटते.

ऊसकरी

आणि टाकीत ई-१० होतं की ई-१५?

रिकामी ट्रॉली

ई-१०. पावती ठेवलीय.

घाटवाट, वही घेणार नाही. फोनमध्ये लिहीन. कॅम्पर लावल्यावर रेंजचा आकडा धरणार नाही, तेवढं तुमचं ऐकतो. कॅमरीवाल्या वाक्यावर मात्र मी ठाम आहे.

रिकामी ट्रॉली

दुसरी टाकी: १४.१, गुणक लावून. लिंकनपासून नॉर्थ प्लॅटपर्यंत वारा तोंडावर होता, म्हणून कमी.