ओपल घासण्याची सुरुवात : पहिल्या दगडातला रंग कुठे गेला?

नवशिकी

नमस्कार. छंद म्हणून ओपल, म्हणजे आतून रंग झळकणारे रत्न, घासून त्याला झिलई द्यायला शिकावे, या इच्छेने मी कच्च्या तुकड्यांचे एक लहान पाकीट घेतले आहे. त्यात ऑस्ट्रेलियातल्या कूबर पेडीचे दहा-बारा पांढरट तुकडे आहेत आणि इथिओपियातल्या वेलो भागाचे तीन पिवळसर तुकडे आहेत. हातात धरायचे फिरते यंत्र, त्याला बसणारी हिऱ्याच्या पुडीची टोके आणि पाण्याचे पसरट भांडे एवढीच सामग्री सध्या माझ्याजवळ आहे.

पहिला तुकडा घासताना माझे काहीतरी चुकले. त्याच्या कडेला हिरव्या-केशरी रंगाची रेघ स्पष्ट दिसत होती, म्हणून वरचा करडा थर काढून मी त्या रंगापर्यंत पोहोचले. सगळा पृष्ठभाग रंगाने भरलेला पाहून इतका आनंद झाला, की लगेच त्याला छान फुगीर घुमटाचा आकार द्यायला घेतला. अर्ध्या तासाने पाहते तो रंग फक्त माथ्यावर, मसुरीच्या डाळीएवढा उरला होता आणि भोवती सगळे करडे कडे दिसत होते. चूक नेमकी कुठे झाली? पुढचा तुकडा हातात घेण्यापूर्वी काय पाहावे? आणि वेलोचे तुकडे याच पद्धतीने घासले तर चालतील का?

पैलू

तुमचा हात चुकलेला नाही. दगड वाचायचा राहून गेला. ओपलमधला रंग बहुतेक वेळा पूर्ण दगडभर नसतो, तर सायीसारखा एका थरात असतो, आणि कडेने दिसणारी रेघ म्हणजे त्या थराची जाडी असते. तो थर एक मिलिमीटर जाडीचा असेल आणि तुम्ही दोन मिलिमीटर उंचीचा घुमट काढलात, तर घुमटाच्या उतारावर थर पूर्ण कापला जातो आणि रंग माथ्यावरच शिल्लक राहतो. थर पातळ असेल तर घुमटही जवळजवळ सपाट ठेवावा लागतो.

करडा किंवा पांढरा बिनरंगी भाग, ज्याला ओपलवाले पॉच म्हणतात, तोही सिलिकाचाच असतो. ओपल सिलिकाच्या अतिसूक्ष्म गोळ्यांचे बनलेले असते, हे 1964 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहून दाखवले. साधारण 150 ते 300 नॅनोमीटर व्यासाचे, एकसारख्या मापाचे गोळे जिथे शिस्तीत रचले गेले आहेत तिथे प्रकाश विवर्तित होऊन रंग दिसतात, आणि जिथे गोळे लहानमोठे किंवा विस्कळीत आहेत तिथे पॉच होते. गोळे मोठे असतील तरच लाल रंग दिसू शकतो. लहान गोळ्यांतून निळा-जांभळाच मिळतो. रंग हा रचनेचा असल्यामुळे घासून गेलेला थर कोणत्याही झिलईने परत येत नाही.

पुढच्या तुकड्याच्या बाबतीत पहिला दिवस फक्त पाहण्यासाठी ठेवा, असे मी आग्रहाने सांगेन. तुकडा पाण्यात भिजवा, खोलीतले इतर दिवे बंद करा आणि एकाच दिव्याखाली तो सावकाश फिरवा. मग बारीक टोकाने कडेचे खरबरीत कवच चहूबाजूंनी जरासे काढा, म्हणजे थर कुठून कुठे जातो, तो तिरका आहे का, मध्येच वाकतो का, हे कळेल. थराची रेघ पेन्सिलीने दगडावर आखून घ्या आणि दगडाची दर्शनी बाजू त्या रेघेला समांतर ठेवा. थराखालचे पॉच सगळे काढू नका. ते पातळ थराला आधार देते, आणि गडद असेल तर रंग अधिक उठून दिसतो. ऑस्ट्रेलियातल्या लायटनिंग रिजच्या काळ्या ओपलचे सौंदर्य बऱ्याच अंशी याच गडद पार्श्वभूमीमुळे असते.

तुमचा पहिला दगडही टाकून देऊ नका. माथ्यावर रंग आहे तेवढाच भाग धरून बाजूचे कडे घासून टाका. लहान का होईना, पूर्ण रंगाचा दगड मिळेल.

सहाण

दगड वाचण्याबद्दल वर सविस्तर आलेच आहे, म्हणून मी पाणी, धूळ आणि यंत्र यांच्याबद्दल लिहितो.

ओपल कोरडे कधीही घासू नये. त्यात पाणी धरलेले असते, बहुधा वजनाच्या 3 ते 10 टक्के, आणि घर्षणाने दगड एकाच जागी तापला की तडकतो. दुसरे कारण त्याहून गंभीर आहे. कच्च्या तुकड्याला चिकटलेल्या वाळूत क्वार्ट्झ असते आणि त्याची बारीक धूळ श्वासावाटे जात राहिली तर सिलिकोसिस हा फुप्फुसाचा बरा न होणारा आजार होऊ शकतो. पाण्याने धूळ बरीच बसते, पण उडणाऱ्या तुषारांतूनही ती नाकात जाते, त्यामुळे धुळीचे सूक्ष्म कण अडवणारा, चेहऱ्याला घट्ट बसणारा मुखवटा आणि चष्मा लावूनच काम करा. टेबलावरचा गाळ ओला असतानाच पुसून घ्या. वाळू दिला तर त्याची पुन्हा धूळ होते. हातातले यंत्र थेट विजेवर चालणारे असेल तर ते पाण्याजवळ धरणे धोक्याचे आहे. मोटर उंचावर टांगून लवचीक दांड्याने काम करावे, आणि विजेची गळती होताच पुरवठा तोडणारे उपकरण त्या जोडणीवर असावेच.

ओपलची कठीणता मोह्‌स मापावर 5.5 ते 6.5 आहे, म्हणजे क्वार्ट्झपेक्षा कमी. म्हणून 80 ग्रिटसारखे भरड चाक त्याला लावू नये (ग्रिटचा आकडा जितका मोठा, तितके घासणारे कण बारीक). कडा उडतात आणि खोल चरे पुढे निघता निघत नाहीत. आकार देण्यासाठी 220 किंवा 280 पुरेसे आहे, त्यानंतर 600, 1200 आणि 3000, आणि शेवटी ओल्या चामड्यावर किंवा नमद्यावर सेरियम ऑक्साइड ही झिलईची पूड. प्रत्येक टप्प्यानंतर दगड, हात आणि भांडे स्वच्छ धुवा, कारण भरड पुडीचा एक कण पुढच्या चाकावर गेला तर तासाभराचे काम वाया जाते. ओल्या दगडावर ओरखडे दिसत नाहीत. तो पूर्ण कोरडा करून दहापट भिंगातून पाहा, आणि एक जरी सरळ रेघ दिसली तरी मागच्या टप्प्यावर परत जा.

घासताना धरता यावा म्हणून दगड काडीला चिकटवण्यासाठी लाख वापरणार असाल तर काडी आणि दगड दोन्ही हळूहळू कोमट करा. थंड दगडावर उकळती लाख टेकवली की दगड तडकतो.

सच्छिद्र

वेलोचे तुकडे सध्या बाजूला ठेवा. ते बहुधा पाणी शोषणारे ओपल असते. घासताना ते पाणी पिऊन काचेसारखे पारदर्शक होते आणि रंग नाहीसा होतो, त्यामुळे आपण कुठपर्यंत घासले याचा अंदाजच राहत नाही. रंग गेलेला नसतो. दगड सावलीत आपोआप वाळू दिला की काही दिवसांनी परत येतो. घाई करून उन्हात किंवा दिव्याखाली वाळवला तर मात्र चिरा पडण्याची भीती असते. तेल, रंगीत झिलईची पूड किंवा पातळ गोंदही तो शोषून घेतो आणि तो डाग पुढे निघणे कठीण जाते. आधी कूबर पेडीच्या पाच-सहा तुकड्यांवर हात बसू द्या.

नवशिकी

सर्वांचे मनापासून आभार. पहिल्या दगडाचे कडे काढून टाकले आणि आता साधारण चार मिलिमीटरचा, पूर्ण हिरवा दगड हाती आला आहे. 1200 पर्यंत आणून ठेवला आहे. दुसऱ्या तुकड्यात थर तिरका निघाला, तोही आखून घेतला. मात्र त्याच्या एका टोकाला केसाएवढी रेघ दिसते. ती चीर आहे की पॉचचीच नैसर्गिक शीर, हे कसे ओळखावे?

पैलू

तुकडा तिरपा करून त्या रेघेवर बाजूने प्रकाश पाडा. चीर असेल तर आतला पृष्ठभाग आरशासारखा चमकतो आणि दगड फिरवताच ती चमक एकदम विझते. पॉचची शीर सगळ्या बाजूंनी तशीच निस्तेज दिसते. तरीही शंका राहिली तर तुकडा पूर्ण वाळवून काही आठवडे तसाच ठेवा आणि पुन्हा भिंगातून पाहा. चीर वाढलेली दिसली तर त्याच रेघेवर तुकडा कापून दोन लहान दगड करा, कारण चिरेसकट घासलेला दगड बऱ्याचदा झिलईच्या वेळीच हातात फुटतो.