मोटरहोम घेऊन नातेवाइकांकडे ४० दिवस : झोपायचं गाडीत की त्यांच्या घरात?

शाळेतल्या_बाई

नमस्कार मंडळी, बरीच वर्षं इथे नुसतं वाचतेय, धागा पहिल्यांदाच काढतेय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

आम्ही दोघं पुण्याला असतो. मी ६३, हे ६७. मी शाळेतून रिटायर झाले, हे पाटबंधारे खात्यातून. गेल्या तीन वर्षांत आम्ही घरातली दोन लग्नं, एक मुंज आणि एक सहस्रचंद्रदर्शन चुकवलं, आणि खरं कारण कोणालाच सांगितलं नाही. कारण म्हणजे माझे गुडघे. ग्वाल्हेरला मावशीचं घर जुन्या वाड्यात, कमोड नाही, आणि पाहुण्यांची खोली वर माडीवर. रात्री दोनदा उठून तो जिना उतरायचा या विचारानेच मला झोप लागत नाही, मग आपलं "यांची तब्येत जरा बरी नाही" असं सांगून मोकळी होते. यांची तब्येत ठणठणीत आहे, शुगर सोडली तर.

तर आता झालंय असं की जावयाच्या मित्राने टेम्पो ट्रॅव्हलरचं मोटरहोम करून घेतलंय, रीतसर पासिंग वगैरे करून. आत डबल बेड, सिंक, छोटा फ्रीज, आणि मुख्य म्हणजे कमोड! तो म्हणाला काकू न्या ४० दिवस, डिझेल तुमचं आणि मला वर थोडं भाडं द्या म्हणजे झालं. आम्ही त्यात बसून पाहिलं, चहा करून प्यायलो, आणि हे घरी येऊन लगेच नकाशा घेऊन बसले.

बेत असा : पुणे - नाशिक - धुळे - इंदूर (नणंद), तिथून देवासला यांचे मावसभाऊ, मग ग्वाल्हेर (माझी मावशी, ८४ वर्षांची), झाशी - सागर करत जबलपूर (माझा धाकटा भाऊ), मग नागपूर (मोठे दीर) आणि समृद्धीवरून परत. अंदाजे अडीच-पावणेतीन हजार किलोमीटर होतील, रोज फार तर दीडशे-दोनशे, दुपारी चारनंतर गाडी चालवायची नाही असं ठरलंय. फेब्रुवारीच्या मध्यावर निघावं म्हणतोय.

रस्ता, पाणी, वीज हे तुम्ही सांगालच, पण माझा खरा प्रश्न दुसराच आहे. माझं म्हणणं, गाडी त्यांच्या दारात लावायची, दिवसभर त्यांच्यात बसायचं, जेवायचं, आणि रात्री झोपायला आपल्या गाडीत यायचं. हे म्हणतात असं केलंस तर पुन्हा कोणी दारात उभं करणार नाही, "आमच्या घरात जागा नव्हती का" हे मला जन्मभर ऐकावं लागेल. नणंदेला तर अजून फोनच केलेला नाही या भीतीने. कोणी केलंय का असं? कसं सांगितलंत?

नाना_स्टेअरिंग

बाई, बेत झकास आहे पण आधी एक विचारतो. गाडीची नंबरप्लेट पांढरी आहे का? पांढरी असेल तर भाड्याचा एक रुपया देऊ नका, फोन पे वरून तर अजिबात नको. खाजगी गाडी भाड्याने चालवता येत नाही, आणि देव न करो काही झालं तर इन्शुरन्सवाले पहिलं हेच शोधतात. मित्राकडून चार दिवस वापरायला आणली तर ठीक, भाडं घेतलं की धंदा झाला. त्याला परत आल्यावर काय हवं ते घेऊन द्या, नवीन टायर घालून द्या. आणि आरसी, इन्शुरन्स, पीयूसी बरोबर त्याच्या सहीचं साधं पत्र ठेवा की गाडी माझ्या संमतीने यांच्याकडे आहे, परराज्यात चौकीवर उपयोगी पडतं.

दुसरं लायसन्स. साहेबांचं कारचं एलएमव्ही असेल तर चालेल, साडेसात हजार किलोपर्यंतची गाडी त्यात बसते आणि ट्रॅव्हलर त्याच्या बरीच खाली आहे. पण मुदत बघा! पंचावन्नच्या पुढे पाचपाच वर्षांनीच रिन्यू होतं आणि डॉक्टरचा फॉर्म १ए लागतो, लोकांच्या लक्षातच राहत नाही.

मी ३१ वर्षं एसटीत काढली, त्यातली सात धुळे-इंदूर. सेंधव्याच्या आधी बिजासन घाट लागतो, तिकडून इकडे येताना उतार जास्त त्रास देतो, तुम्ही जाताना चढणार आहात म्हणून तेवढं बरं. तरी समोरून येणाऱ्या कंटेनरचे ब्रेक गरम झालेले असतात हे धरून चाला, त्यांना जागा द्या. उतार कुठलाही असो, ज्या गिअरमध्ये चढला असता त्याच गिअरमध्ये उतरायचं, ब्रेकवर पाय ठेवून बसायचं नाही. गाडी उंच आहे, वर टाक्या-बिक्या असतील, वळणावर कारसारखी मारली तर आतली भांडी अंगावर येतील.

रात्रीचा मुक्काम नातेवाइकांकडे नसेल तेव्हा मोठ्या पेट्रोल पंपावर, जिथे ट्रकची रांग असते तिथे. आधी डिझेल भरायचं, मग मॅनेजरला विचारायचं. उलटं केलं की नाही म्हणतात. आडबाजूच्या ढाब्यावर नको.

इंदूरकर_पोहेवाला

बाई, मी इंदूरचाच, चार पिढ्या इथे झाल्या, त्यामुळे माझं मराठी गोड मानून घ्या.

फेब्रुवारी मध्य? कोणाकडे दहावी-बारावीचं लेकरू नाही ना ते आधी विचारा. एमपी बोर्ड आणि सीबीएसई दोन्हींचे पेपर तेव्हाच असतात. गेल्या वर्षी आमच्याकडे असेच पाहुणे आले, बहिणीची पोरगी बारावीला, ती बिचारी गच्चीवर जाऊन अभ्यास करत होती आणि बहीण खाली हसून पोहे वाढत होती. त्यापेक्षा दिवाळी झाली की निघा. डिसेंबर-जानेवारीत ग्वाल्हेरकडे सकाळी असं धुकं पडतं की दहापर्यंत गाडी काढायची सोय नाही.

गाडीत झोपण्याबद्दल : इंदूरमध्ये कोणी रागावलं तर जेवायला दोनदा बसा, राग जातो. सराफ्यात रात्री खायला जायचं असेल तर मात्र गाडी घरीच ठेवून रिक्षाने जा, राजवाड्याकडच्या गल्ल्यांत ती अडकली तर पुढची पिढी काढेल. ग्वाल्हेरला मावशी लष्कर नावाच्या जुन्या भागात राहते का? तिथेही तेच. ट्रॅव्हलर बरीच उंच असते आणि जुन्या गल्लीत विजेच्या तारा किती खाली आलेल्या असतात ते कोणाला तरी आधी व्हिडिओ काढून पाठवायला सांगा. माझा सल्ला, मावशीच्या दारात गाडी जाणार नाही असंच धरून चाला.

इंदूरच्या आधी खलघाटला नर्मदा लागते, तिथून महेश्वरला वळा, घाटावर एक संध्याकाळ बसा. ओंकारेश्वरलाही जाणार असाल तर शेगावच्या गजानन महाराज संस्थानचं भक्तनिवास तिथेही आहे, स्वच्छ आणि शांत.

प्लॅनो_टेक्सास

आम्ही हे इकडे अमेरिकेत केलंय. मी आणि नवरा, दोघं रिटायर, क्लास सी म्हणजे मध्यम आकाराचं मोटरहोम भाड्याने घेऊन टेक्सासहून डेन्व्हर, सॉल्ट लेक सिटी करत सिएटलपर्यंत, वाटेत दोन भाचे, एक नणंद आणि नवऱ्याचा हॉस्टेलमधला मित्र. इकडे रस्त्यावर सगळी सोय, कॅम्पग्राउंडला वीज-पाणी जोडायचं, डम्प स्टेशनला टाकी रिकामी करायची, बासष्टच्या पुढे सिटिझनला नॅशनल पार्कचा आयुष्यभराचा पास ८० डॉलरला मिळतो. पण ड्राइव्हवेमध्ये गाडी लावायचा प्रश्न इकडेही तोच! भाच्याच्या सोसायटीचा म्हणजे एचओएचा नियम, आरव्ही म्हणजे अशी मोटरहोम गाडी रात्री दारात उभी करायची नाही. कोणीतरी शेजाऱ्याने तक्रार केली, सकाळी दाराला कागद. भाचेसून इतकी कानकोंडी झाली की आम्हालाच वाईट वाटलं. म्हणून सोसायटी असेल तिथे सेक्रेटरीला आधीच विचारायला सांगा, वॉचमनवर सोडू नका.

आणि झोपण्याचं म्हणाल तर मी सरळ खरं सांगितलं होतं, रात्री उठावं लागतं, तुमची झोपमोड नको. कोणालाही वाईट वाटलं नाही. उलट सिएटलच्या नणंदेने तिसऱ्या दिवशी कबूल केलं की तिला हायसं वाटलं, कारण पाहुण्यांची खोली तिने ऑफिस करून टाकली होती आणि ते सांगायचं कसं या काळजीत ती आठवडाभर होती. आपल्याकडे म्हणतात ना, पहिल्या दिवशी पाहुणा, दुसऱ्या दिवशी पई, तिसऱ्या दिवशी राही त्याची अक्कल जाई. स्वतःचा बिछाना बरोबर असला की ती पई जरा उशिरा होते.

दोन्ही_गुडघे_नवीन

बाई, तुमची पोस्ट वाचून डोळ्यात पाणी आलं, मी पण चार वर्षं "यांची तब्येत" सांगत होते. मग ऑपरेशन केलं. ते असो.

गाडीची पायरी मोजलीत का? ट्रॅव्हलरची पहिली पायरी बरीच उंच असते, शोरूममध्ये एकदा चढलो म्हणजे दिवसातून पंधरा वेळा चढवेल असं नाही. एक बुटका भक्कम पाट किंवा लोखंडी स्टूल आणि दारात धरायला दांडा बसवून घ्या. उतरताना दुखरा पाय आधी, चढताना चांगला आधी. दर तासा-दीड तासाने थांबून दहा मिनिटं चालायचंच. आणि गाडी चालू असताना मागे बेडवर आडवं व्हायचा मोह होईल, होऊ नका, सीटवर बसून बेल्ट लावा, एक करकचून ब्रेक लागला तर माणूस थेट सिंकवर.

यांना इन्सुलिन असेल तर चालू पेन बाहेर चार आठवडे राहतं, फार गरम झालं नाही तर. न उघडलेली फ्रीजमध्ये. पण त्या छोट्या फ्रीजमध्ये बर्फाच्या भिंतीला चिकटून ठेवू नका, गोठलं की फुकट गेलं.

वऱ्हाडी_ठेचा

सगळे गोड गोड बोलून राहिले, कॅसेटबद्दल कोणीच बोलून नाही राहिलं 😄 काकू, तुमच्या गाडीतला कमोड कॅसेटवाला असंल तर खालचा डबा वीसेक लिटरचा असते, दोन माणसांत दोन-तीन दिवसांत भरते. तो कुठं रिकामा करणार? अमेरिकेसारखं डम्प स्टेशन नाही इथं. नाल्यात, शेतात टाकायचं नाही, तो रस्त्यावरच्या सगळ्यांचा शाप लागते. आम्ही मागच्या वर्षी मित्राच्या कॅम्परमध्ये फिरलो तर नियम केला होता, बाकी सगळ्यासाठी पंपाचं नाही तर घरचं टॉयलेट, गाडीतलं फक्त रात्रीच्या एक नंबरसाठी. पाच-सहा दिवस निघाले. मग मोठ्या पंपाच्या टॉयलेटमध्ये तिथल्या सफाईवाल्याला विचारून, शंभर रुपये देऊन, वरून दोन बादल्या पाणी टाकून. नातेवाइकाच्या घरी सेप्टिक टँक असंल तर ते निळं केमिकल बेतानं वापरा, टँकमधले जंतू मरतात.

दुसरं, घरचा सिलिंडर गाडीत टाकू नका, इंडक्शन ठेवा. वीज नातेवाइकाकडून घ्याल तेव्हा जाड वायरचं एक्स्टेन्शन, गिझरच्या मोठ्या सॉकेटमध्ये. रात्रभर एसी लावला तर भाऊजींचं मीटर पळते, निघताना पोरांच्या हातात खाऊला म्हणून काय ते द्या.

फास्टॅग त्या गाडीच्या क्लासचाच पाहिजे. तो २०० फेऱ्यांचा वर्षाचा पास फक्त खाजगी कार-जीप-व्हॅनला आहे, तुमच्या गाडीला लागते का ते ॲपमध्ये नंबर टाकून बघा. लागला तरी समृद्धीवर चालत नाही, तो राज्याचा रस्ता आहे. समृद्धीवर टायरची हवा सकाळी थंड असतानाच तपासा. सरळसोट रस्ता, डोळा लागते. काकांना बोलतं ठेवा.

शाळेतल्या_बाई

बापरे, केवढं सांगितलंत सगळ्यांनी! ह्यांनी वही काढून लिहून घेतलंय.

नाना, प्लेट पांढरीच आहे. भाड्याचं रद्द, जावयाकडून निरोप पाठवला, मित्रही जरा वरमला म्हणे. लायसन्सची मुदत बघितली तर येत्या ऑगस्टपर्यंतच! आता दिवाळीनंतर निघायचं म्हणजे आधी ते काम. पोहेवाले, बारावी आहे हो, देवासच्या भावांची नात. वाचलो.

आणि काल रात्री धीर करून नणंदेला फोन केला. तुमचंच ऐकून सरळ सांगितलं, वन्सं, गुडघ्यांचं असं असं आहे म्हणून तीन वर्षं आले नाही, आता गाडी घेऊन येतेय आणि रात्री गाडीतच झोपेन. पलीकडे बराच वेळ शांतता. मला वाटलं झालं. मग त्या म्हणाल्या, "अगं माझेही गेलेत, मी गेली दोन वर्षं हॉलमध्येच झोपते, कमोडही खालीच करून घेतलाय, तुला कोणी सांगितलं नाही?" आणि मग विचारतात, त्या गाडीत तिसऱ्या माणसाला जागा आहे का, ग्वाल्हेरपर्यंत, मावशींना त्यांनाही भेटायचंय.

हे शेजारी बसून ऐकत होते. आता नवीन प्रश्न, बेड डबलच आहे, बाकी सीट आहेत. तिसऱ्या माणसाच्या झोपायची काय व्यवस्था करतात अशा गाडीत?

नाना_स्टेअरिंग

सीट आडव्या होतात का बघा. नसतील तर साहेब सीटवर आणि तुम्ही दोघी बेडवर. एसटीत आम्ही ३१ वर्षं सीटवरच झोपलो, काही होत नाही. बेल्ट मात्र तिसऱ्या सीटलाही आहे ना ते बघून घ्या.

शाळेतल्या_बाई

नाना, हे वाचून दाखवलं. हे म्हणतात नानांचा नंबर घे.