अनुभव धागा: बाल्डर्स गेट ३, ऑनर मोड – तुमची पार्टी कशामुळे टिकली?

२०२३ च्या नोव्हेंबरअखेरीस या रोल-प्लेइंग गेमची निर्माती कंपनी लॅरियनने ऑनर मोड हा सर्वांत कठीण मोड आणला. सेव्ह एकच, पार्टीतली चौघं पात्रं पडली की मोहीम संपली. त्यात बॉसना लिजंडरी ॲक्शन, म्हणजे आपल्या पाळीतही ते वार करतात. सोनेरी फासा (ऑनर मोड पूर्ण केल्याचं बक्षीस) मिळालेल्यांनी आणि हुकलेल्यांनीही लिहा. डॅमेजचे आकडे नकोत, जगलात कसे ते सांगा.

सुरुवात माझ्यापासून. या गेममध्ये इनिशिएटिव्हला, म्हणजे पाळीचा क्रम ठरवायला, वीस नाही, चार बाजूंचा फासा पडतो. त्यामुळे डेक्स्टेरिटीचा (चपळाईचा) एकेक अंक भारी पडतो आणि ॲलर्ट या फीटचे (लेव्हल वाढताना निवडायच्या खास कौशल्याचे) अधिक ५ म्हणजे बहुतेक लढायांत पहिली पाळी आपलीच. शिवाय बेसावध गाठले जात नाही. माझ्या तिघांनी चौथ्या लेव्हललाच ॲलर्ट घेतलं. लागोपाठ पाळ्या आल्या की साथीदारांना हव्या त्या क्रमाने खेळवता येतं, हा खरा फायदा. डोंगरवाटेवरच्या गिथयांकी गस्तीशी गाठ पडली तेव्हा बार्डने आधी हिप्नॉटिक पॅटर्न हा शत्रूंना खिळवणारा मंत्र टाकला. निम्मी गस्त हलायच्या आत खिळली. उरलेल्यांना एकेक करून गाठलं. मारण्याइतकंच शत्रूची पाळी खाणं मोलाचं आहे, असं माझं ठाम मत.

काजवा: पाळीचं पटलं, पण मंत्र टिकवून धरणाऱ्या कॉन्सन्ट्रेशनकडेही बघा. मार बसल्यावर ते टिकवायला कॉन्स्टिट्यूशन सेव्ह लागतो, आणि क्लासमधून त्याची प्रोफिशियन्सी फक्त पहिल्या क्लासवरून मिळते. म्हणून माझा विझार्ड पहिली लेव्हल ती प्रोफिशियन्सी असलेल्या सॉर्सररची घेतो. हेस्ट (जादा ॲक्शन देणारा मंत्र) तुटला की ज्याच्यावर होता त्याचीच पाळी बुडते, आणि ऑनरमध्ये एक बुडालेली पाळी फार महागात पडते.

रानवाट: आंटी एथेल या विक्रेतीकडचं हिल जायंट एलिक्सिर (ताकदीचं पेय) घ्या. लाँग रेस्टपर्यंत स्ट्रेंग्थ २१! स्वतःची ८ ठेवायची आणि वाचलेले गुण डेक्स, कॉन्स्टिट्यूशनला द्यायचे. तिच्याशी भांडण होण्याआधी भरपूर साठा करा.

निशाचर: इतर मोडचे गाजलेले बिल्ड (पात्राच्या क्लास-कौशल्यांची जुळणी) जसेच्या तसे उचलू नका. वॉरलॉक-पॅलाडिनचा जादा हल्ला इथे जमेत धरला जात नाही आणि हेस्टच्या ॲक्शनमध्ये एकच वार होतो. कॅम्पमधला विदर्स १०० नाण्यांत रिस्पेक (पात्राची नव्याने जुळणी) करून देतो, हात आखडू नका.

सातवीण: माझा नियम एकच, रोग (Rogue, लपूनछपून लढणारा क्लास) मागे लपलेली हवी. फेज स्पायडर मॅट्रिआर्क या बॉस कोळिणीने बाकी तिघं लोळवले, पण ही लढाईत ओढलीच गेली नव्हती. तिथून थेट कॅम्प गाठला, विदर्सला माणशी २०० नाणी मोजली आणि तिघं उभे केले. तेवढी रक्कम कायम बाजूला ठेवते.

काजवा: सातवीण, मग मॅट्रिआर्कला पुन्हा गेलात की तशीच सोडून दिलीत?

सातवीण: सोडून दिली. त्या विवरात उतरलंच पाहिजे असं काही नाही.