ब्लॅक सॅबथचा पहिला अल्बम कोणत्या मापाने मोजावा?

कृष्णाकाठ (सांगली):
सप्रेम नमस्कार. विश्रामबागेत आम्हा सहा-सात जणांची दरमहा श्रवणाची बैठक असते. येत्या बैठकीत ब्लॅक सॅबथ या इंग्लिश रॉक वाद्यवृंदाच्या, १३ फेब्रुवारी १९७० रोजी प्रसिद्ध झालेल्या पहिल्या अल्बमवर बोलण्याचे काम माझ्याकडे आले आहे. पाऊस आणि घंटेच्या आवाजानंतर सुरू होणारे पहिलेच गाणे मला आजही अस्वस्थ करते. परंतु दुसऱ्या बाजूपर्यंत पोहोचेतो पकड सैल होते आणि साडेदहा मिनिटांच्या शेवटच्या गाण्यात गिटार नुसतीच भटकत राहते, असे वाटते. या अल्बमचा मान त्याच्या स्वतःच्या गुणांचा आहे, की पुढे त्यातून हेवी मेटल या जड आवाजाच्या रॉक संगीताचे एवढे मोठे घराणे उभे राहिले म्हणून मागाहून दिलेला आहे?

जवारी (मिरज):
आपला प्रश्न रास्त आहे, पण आधी ध्वनिमुद्रण कसे झाले ते पाहावे. हे सारे काम ऑक्टोबर १९६९ मध्ये एका दिवसात उरकले, म्हणजे आपल्या हाती आहे ती जवळजवळ मैफलच.

आमच्या घरी सतार-तानपुऱ्याचे काम चालते, त्यामुळे माझे लक्ष आधी हाताकडे जाते. या वाद्यवृंदाचा गिटारवादक टोनी आयोमी डावखुरा. पत्र्याच्या कारखान्यात त्याच्या उजव्या हाताच्या, म्हणजे पडद्यांवर फिरणाऱ्या हाताच्या, दोन बोटांची टोके तुटली. प्लास्टिक वितळवून त्याने टोपणे केली आणि तारा हलक्या लावल्या. त्या टोपणाखाली तारेचा स्पर्श कळत नाही, म्हणून त्याचा भर मोजक्या स्वरांवर, विशेषतः षड्ज-पंचमाच्या (सा-प) जोडीवर राहिला. त्या जोडीत गंधार (ग) नाही, त्यामुळे आनंद की विषाद हे ठरत नाही आणि आवाज कितीही फाडला तरी स्वर गढूळ होत नाहीत. पहिल्या गाण्याची धून तर सा, वरचा सा आणि तीव्र मध्यम एवढीच आहे. यमनात तीव्र मध्यम ऐकला की आपला कान पंचमाची वाट पाहतो. इथे तो पंचमाला न भेटता जागीच थरथरत राहतो, आणि आपल्याला जाणवलेली अस्वस्थता बहुधा तिथलीच आहे.

अजिंक्यतारा (सातारा):
माहिती मोलाची आहे, मात्र निष्कर्षाशी मी सहमत नाही. घाई हे कारण असू शकते, सबब होऊ शकत नाही. इंग्लंडमधल्या आवृत्तीच्या दुसऱ्या बाजूवर तीनच गाणी आहेत आणि त्यांपैकी दोन मुळात दुसऱ्या वाद्यवृंदांची. स्वतःचे साहित्य पुरेसे नव्हते, हे परीक्षकाने लपवू नये. 'रोलिंग स्टोन' या अमेरिकन नियतकालिकाने त्या काळी या अल्बमला झोडपले होते. ते परीक्षण एकांगी असेल, पण भरकटलेल्या गिटारवादनाविषयीची तक्रार मला अजूनही पटते.

एक गोष्ट मात्र सुटू नये, ती म्हणजे बिल वॉर्डचा ढोल. त्याच्या हातात जॅझ होते आणि तो ठोका तंतोतंत न देता किंचित झुलवतो, म्हणून एवढा जड आवाजही चालता राहतो. नंतरच्या अनेक मेटल वाद्यवृंदांनी जडपणा घेतला, तो झोका घेतला नाही.

कृष्णाकाठ (सांगली):
आपणा दोघांचा आभारी आहे. काल रात्री केवळ बास आणि ढोलाकडे कान ठेवून दुसरी बाजू पुन्हा ऐकली. गिटार जिथे भटकते असे मी लिहिले होते, तिथे गीझर बटलरचा बास तिला बराच वेळ धरून ठेवतो, हे माझ्या कानातून निसटले होते. तरीही शेवटचे गाणे लांबलेच आहे, आणि ते मी बैठकीत सांगेन.

जवारी यांना एक विनंती आहे. षड्ज-पंचमाचा मुद्दा तोंडी सांगून कळणार नाही, तेव्हा रविवारी मिरजेहून एक लावलेला तानपुरा घेऊन येता येईल का?

जवारी (मिरज):
आणतो. मात्र तानपुरा आधी ऐकवा. त्या गिटारीनंतर कुणाच्या कानाला जवारी, म्हणजे तानपुऱ्याच्या तारांची ती गुंजणारी झणक, कळायची नाही.